पेटीनं केलेली आवराआवर

उज्ज्वला नारखेडे संशयी बाई आहे, असं आमच्या कॉलनीत सगळे म्हणतात. म्हणोत. भुसावळ विभागात मी टीसी होते. झोपेचं सोंग घेणारे, स्टेशन येईपर्यंत संडासात बसून राहणारे, "मॅडम, पास घरी राहिला हो" म्हणत डोळ्यांत पाणी आणणारे, सगळे बघून झाले. संशय घ्यायचा म्हणून तर रेल्वे मला पगार देत होती. निवृत्त झाल्यावर सवय सोडून द्या म्हणाल तर ते काही जमायचं नाही.

जळगावच्या दुकानातल्या भूषण कोल्हेला यातलं काहीच माहीत नव्हतं. बिचारा हसत पुढे आला.

मला व्हिडिओ साठवून ठेवायची पेटी घ्यायची होती. आमच्या ह्यांना, म्हणजे प्रल्हादरावांना, व्हिडिओ काढायची भारी हौस. डिझेल शेडमधून घरी आले की हात धुवायच्या आधी कॅमेरा. हर्षलचं बारसं, त्याची पहिली सायकल, शेजारच्यांची म्हैस व्यायली ते सुद्धा. फक्त हिवाळ्यातल्या भरीत पार्टीला कॅमेरा दुसऱ्याच्या हातात असायचा, कारण वांगी भाजायला हेच बसायचे. दरवर्षी बामणोदला, थोरल्या भाऊजींच्या मळ्यात, त्याच निंबाखाली, तुरीच्या काड्या पेटवून. ते गेले आणि मागे राहिला डिस्कांनी भरलेला एक पत्र्याचा डबा. त्यातली एक डिस्क टकटक करायला लागली आणि हर्षलचं बारसं घेऊनच गेली.

हर्षल पुण्याला असतो. तो म्हणाला, "आई, आता ते डबेबिबे बंद कर. घरातल्या नेटवर्कला जोडायची एक चांगली पेटी घे. सगळं एका जागी राहील, टीव्हीवर बघशील, मोबाईलचा बॅकअप आपोआप होईल. तशीच एक मी इथे घेतो. दोन्ही पेट्या आपसांत बोलतील, म्हणजे एक प्रत घराबाहेर राहील. उद्या घराला आग लागली तरी काळजी नाही."

"माझ्या घराला आग कशाला लागेल?" मी म्हटलं. पण पटलं होतं.

दुकानात दोन प्रकारच्या पेट्या होत्या. एक मोठी, आत दोन डिस्का, दोन्हींत तेच. एक गेली की लाल दिवा लागतो, मग नवी घालायची. ती घरघर करायची, गरम व्हायची, आणि डिस्का महाग झालेल्या, कारण मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांना त्या खंडीनं लागतात. दुसरी छोटी, कुंकवाच्या करंड्यापेक्षा जरा मोठी. आवाज नाही, गरम होणं नाही, आणि म्हणे चार पिढ्यांचं मावेल.

"हे बाहेर कुठे जातं का?" मी भूषणला विचारलं.

"नाही मॅडम. फक्त तुमच्या आणि तुमच्या मुलाच्या पेटीत."

"कंपनीवाले बघतात का?"

"बघूच शकत नाहीत."

"तू म्हणतोस. मी कसं मानू? बाहेरची वायर काढ आणि चालवून दाखव."

त्यानं वायर काढून चालवली. कंपनी बुडाली तर काय, कुलूप कोणी उघडलं तर काय, चोर घेऊन गेला तर त्याला काय दिसेल, सगळं विचारलं. पोराला घाम फुटला. शेवटी मी म्हटलं, "एवढ्याशा पेटीत एवढं मावतं कसं रे?"

"हुशार आहे मॅडम ती. रिकामा वेळ मिळाला की आवरून ठेवते सगळं."

मला आवरणारी माणसं आवडतात. मी छोटी पेटी घेतली. हर्षल दिवाळीला आला तेव्हा त्यानं जोडून दिली, दोघांच्या नावानं नोंदवली, जुन्या डिस्का रिकाम्या करून भंगारात दिल्या.

खोटं कशाला बोलू, दोन वर्षं मजेत गेली. संध्याकाळी दिवा लावला की चहा घेऊन बसायचं आणि म्हणायचं, "हर्षलची सायकल लाव." लागायची. चित्र इतकं स्वच्छ की ह्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसावं. जुनंच बघायचे मी. ते गेल्यानंतरचं काही लावायचा धीर मला झाला नाही. रेवा झाली, हर्षलची मुलगी, तीसुद्धा ह्यांच्यामागे. हे श्रावणात गेले आणि ती दिवाळीत आली. तिचे सगळे व्हिडिओ पेटीत होते, पण मी त्या बाजूला फिरकत नव्हते.

मग आली स्मृतितपासणी.

आता पासष्टी ओलांडली की ती द्यावीच लागते. तीत कमी पडलात तर बँकेत आणि घराच्या कागदांवर तुमच्या सहीखाली दुसऱ्याची सही लागते. पूर्वी म्हणे डॉक्टर विचारायचे, आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा. त्यातून काही कळत नाही, म्हणून आता प्रश्न तुमच्याच आयुष्यातले काढतात. तुमचा अंगठा घेतला की दवाखान्याचं यंत्र तुमच्या घरातल्या पेटीशी जोडलं जातं, पेटीतल्या गोष्टींवरून प्रश्न तयार करतं आणि तुमचं उत्तर पेटीतल्या उत्तराशी ताडून बघतं. माणूस कोणीच मध्ये नाही. सगळ्यांनी म्हटलं, किती छान, आता कोणाची शिफारस चालायची नाही.

डॉक्टर नेहेते म्हणून एक बाई होत्या, गोड स्वभावाच्या. त्यांच्या समोर बसून मी धडाधड उत्तरं दिली. माझी स्मरणशक्ती म्हणजे काय विचारता, कुठल्या गाडीत कुठल्या डब्यात कोणाला पकडलं ते अजून सांगेन. एक प्रश्न आला, "नात झाली त्या हिवाळ्यातल्या भरीत पार्टीत बाळाला मांडीवर घेऊन कोण बसलं होतं?"

"मी," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

निकाल आठवड्यानं आला. नापास.

मी डॉक्टरांना गाठलं. "कोणते प्रश्न चुकले ते दाखवा."

"काकू, ते दाखवता येत नाही. दाखवलं तर लोक पाठ करून येतील ना."

"मी पाठ करणारी दिसते का तुम्हाला?"

"तसं नाही हो. या वयात थोडं होतंच. मुलाजवळ राहिलात तर बरं पडेल."

घरी पोचते तोच हर्षलचा फोन. त्याला आधीच कळवलेलं. इतक्या हळू, इतक्या मऊ आवाजात बोलत होता की मला त्याचाच संशय आला. "आई, घाबरू नकोस. मी शनिवारी येतो, रेवाला घेऊन. तू चल आमच्याकडे. भुसावळच्या घराचं नंतर बघू."

"घराचं काय बघायचंय?"

"काही नाही गं. एकटी कशी राहशील आता, एवढंच."

हे घर माझं आहे. माझ्या फंडातून बांधलेलं, माझ्या नावाचं. ह्यांनी आयुष्यभर थट्टा केली की तू सासरी आलीच नाहीस, मीच घरजावई झालो. आता त्या घराच्या कागदावर माझी एकटीची सही चालणार नव्हती. मला राग आला, मग भीती वाटली. भीती अशी की खरंच मी विसरायला लागले असेन तर? विसरणाऱ्याला कुठे कळतं आपण विसरतोय म्हणून? त्या दिवशी मी दोनदा गॅस बंद आहे का ते बघितलं. आयुष्यात कधी बघितला नव्हता.

पण कुठेतरी पाणी मुरत होतं. तो भरीत पार्टीचा प्रश्न मनातून जाईना. बाळाला मीच घेतलं होतं. हातांना आठवत होतं ते वजन.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून पेटीसमोर बसले आणि म्हटलं, "रेवा झाली त्या वर्षीची भरीत पार्टी लाव."

लागली. बामणोदचा मळा, निंब, सतरंज्या. भाऊजी केळीची पानं धुतायत, हर्षल पुऱ्यांची टोपली घेऊन फिरतोय. कॅमेरा वळला, आणि जाळाशेजारी हे बसलेले. तोच तपकिरी स्वेटर, तीच माकडटोपी, गालावर धुराची रेघ. मांडीवर रेवा. ते तिच्याकडे बघून हसले आणि हसताना नेहमीसारखा डावा डोळा बारीक केला.

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंदच झाला. व माय, किती आनंद झाला! हात जोडले मी टीव्हीला. पोरीला बघितलं ह्यांनी, मांडीवर घेतलं, असं म्हणून ढसाढसा रडले.

रडून झाल्यावर पदरानं डोळे पुसले आणि मग डोकं ताळ्यावर आलं. श्रावणात गेलेला माणूस पौषात वांगी कशी भाजेल?

पायाखालची वाळू सरकली. व्हिडिओ परत लावला, परत, परत. ह्यांच्या मिशा, ह्यांची मान, सगळं जिथल्या तिथे. मी कुठेच नव्हते. अख्ख्या पार्टीत मी नाही. पेटीच्या मते मी त्या दिवशी मळ्यात गेलेच नव्हते, म्हणून "मी" हे उत्तर चूक.

मी भूषण कोल्हेला फोन लावला.

"मॅडम, बोला!"

"पेटीत मेलेला माणूस जिवंत कसा झाला ते सांग."

आधी तो हसला. मग मी सगळं सांगितलं तसा हसायचा थांबला. तेव्हा कुठे, माझ्या दहा प्रश्नांनंतर, नीट बोलायला लागला.

"जुन्या पद्धतीत कसं असतं मॅडम, चित्र म्हणजे ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यात लिहून ठेवायचा. एका सेकंदाच्या व्हिडिओत अशी पंचवीस-तीस चित्रं. फार जागा खातं. छोटी पेटी ठिपके ठेवतच नाही. ती तुमची माणसं शिकून घेते. काका कसे दिसतात, मान कशी वळवतात, कोणत्या डोळ्यानं हसतात. एकदा शिकली की प्रत्येक व्हिडिओत काकांना पुन्हा साठवायचं कारण नाही. इथे काका बसले, इकडे बघितलं, हसले, एवढी टीप ठेवली की झालं. तुम्ही व्हिडिओ लावला की पेटी टीप वाचून काकांना नव्यानं काढते."

"म्हणजे लोणचं ठेवायचं नाही, लोणच्याची कृती तेवढी ठेवायची. मागितलं की ताजं घालायचं."

"तसंच."

"आणि आवराआवर म्हणजे?"

तो जरा घुटमळला. "सारख्या सारख्या गोष्टी ती एकत्र लावते. तुमची भरीत पार्टी दरवर्षीची, तोच मळा, तेच झाड, तीच माणसं. तिच्या लेखी ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा झालेली. मग एखाद्या वर्षीचं कुठे धुरानं, अंधारानं नीट दिसत नसेल तर बाकीच्या वर्षांवरून भरून काढते. जाळाशेजारी दरवर्षी काका, तर याही वर्षी काकाच असणार, असं धरून चालते."

"धरून चालते म्हणे! आणि भरलेलं कुठलं, मूळचं कुठलं, ते सांगते का?"

"सांगते ना. जोडतानाच विचारते, भरलेल्या जागी खूण दाखवू का म्हणून. बहुतेक लोक नको म्हणतात. चित्र डागाळल्यासारखं दिसतं."

"मला तर काही विचारलं नव्हतं तिनं."

"तुमच्याकडे जोडणी हर्षलदादांनी केली होती," भूषण म्हणाला आणि लगेच म्हणाला, "गिऱ्हाईक आलं मॅडम, ठेवू का?"

ठेव बाबा.

मग डॉक्टर नेहेत्यांकडे गेले, ह्यांच्या मृत्यूचा दाखला आणि रेवाच्या जन्माचा दाखला घेऊन. त्यांनी दोन्ही बघितले, व्हिडिओ दोनदा बघितला. मग म्हणाल्या, "काकू, हा एक प्रश्न मी रद्द करते. पण बाकीचे प्रश्नही त्याच पेटीतले. त्यातले कुठले खरे, कुठले भरलेले, मी कशी ठरवू?"

"मग सगळीच तपासणी रद्द करा."

"त्यासाठी पेटी अविश्वसनीय म्हणून जाहीर करावी लागेल. तुम्ही आणि तुमचा मुलगा, दोघं मालक. दोघांचे अंगठे लागतील. ते झालं की तुमची तपासणी मी समोर बसून, तोंडी घेईन." आणि म्हणाल्या, "एक सांगते. एकदा जाहीर केलं की पेटीचं भरणं कायमचं बंद होतं. खरोखर साठवलेलं असेल तेवढंच दिसतं मग. परत फिरवता येत नाही."

शनिवारी हर्षल आला, रेवाला घेऊन. सूनबाईला, केतकीला, रजा मिळाली नव्हती. आल्या आल्या त्यानं माझी सुटकेस कुठे आहे ते विचारलं. मी म्हटलं, आधी जेव. वरणभात, शेवभाजी केली होती. जेवण झालं, रेवा अंगणात मांजरामागे पळाली, आणि मी टीव्ही लावला. बामणोद. निंब. जाळ. हे.

तिकीटवाला माणूस टीसी आला की खिशाकडे बघतो. बिनतिकिटाचा आधी टीसीच्या तोंडाकडे बघतो. हर्षलनं पडद्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

तो खाली बघत बसला.

"हर्षल, मी काय विचारते?"

"हो. माहीत होतं."

"कधीपासून?"

"पेटी घेतली त्याच वर्षापासून. एका रविवारी असंच लावलं आणि बाबा दिसले, रेवाला घेऊन बसलेले. मी काय करायला हवं होतं आई? बंद करायला हवं होतं?"

"मला सांगायला हवं होतं!"

"तू लगेच दुकानात जाऊन भांडली असतीस. काढायला लावलं असतंस."

"मग? खोटं आहे ते!"

"मला माहितीये खोटं आहे!" तो ओरडला. मग बाहेर रेवा आहे हे आठवून आवाज खाली आणला. "बाबा किती वाट बघत होते तिची. हॉस्पिटलमध्ये केतकीच्या पोटाकडे बघून म्हणायचे, लवकर ये बाई. मला तेवढंच एक हवं होतं गं. रोज बघतो मी ते. रेवाला दाखवतो."

मला वाईट वाटलं का? वाटलं. पोटचा पोर आहे. पण त्याहून राग मोठा होता.

"आणि माझी तपासणी त्याच पेटीवरून झाली. त्यात खोटं आहे हे तुला ठाऊक होतं. तरी तू मला नापास होऊ दिलंस, आणि सुटकेस भरायला आलास."

"आई, शप्पथ, मी या दोन गोष्टी एकत्र जोडल्याच नाहीत. मला वाटलं एवढा एकच व्हिडिओ तसा आहे."

"खुणा नको, असं तूच सांगितलं होतंस ना पेटीला?"

"डाग दिसतात म्हणून." तो हे इतक्या पटकन म्हणाला की खरं असावं. किंवा नसावं. स्वतःच्या मुलाकडे बघून मला ठरवता येईना, आणि हे मला फार लागलं. इतकी वर्षं परक्या माणसांची तोंडं वाचली.

मी मोबाईलवर दवाखान्याचा अर्ज उघडला. माझा अंगठा मी आधीच दिलेला होता. मोबाईल त्याच्यासमोर धरला. "इथे अंगठा टेकव. तपासणी रद्द होईल."

त्यानं वाचलं. "आणि बाबा जातील."

"बाबा गेलेत हर्षल."

"सहा महिने थांब ना. मी दुसरा काहीतरी मार्ग काढतो. वकिलाशी बोलतो. तोपर्यंत तू पुण्याला राहा, काय बिघडलं?"

"माझं घर, माझी सही. हे बिघडलं. मला वेडी ठरवलंय आणि तू म्हणतोस सहा महिने थांब."

"वेडी कोण म्हणतंय?"

"माझ्या बँकेत उद्या म्हणतील."

तेवढ्यात रेवा आत आली. टीव्ही बघितला आणि टाळ्या पिटत म्हणाली, "आजी, बघ, मी! आबांच्या मांडीवर! माझ्या वर्गात फक्त मलाच आबा आठवतात. शिवमला नाही आठवत त्याचे."

तिला तो दिवस काय आठवणार होता? दोन महिन्यांची होती. हर्षलनं माझ्याकडे बघितलं, डोळ्यांनी विनवलं. बोलू नकोस, म्हणून.

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण या पोरीच्या डोक्यात आत्ताच पेटीनं घर केलेलं, पुढे ही मोठी होऊन कशावर विश्वास ठेवणार होती? मी तिला जवळ घेतलं. "रेवा, आबांनी तुला बघितलं नाही गं. फार वाट बघत होते तुझी. पण तू यायच्या आधीच ते गेले."

"आई!" हर्षल म्हणाला.

रेवानं एकदा माझ्याकडे, एकदा टीव्हीकडे बघितलं. ती रडली नाही. घाबरली. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मग मला कोणी धरलंय?"

"मी धरलं होतं."

"मग तू कुठेय?"

मी दिसत नाही बाळा, पेटीनं मला काढून टाकलं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि पडद्याकडे बघितलं. जाळाशेजारी बसलेला तो माणूस बाळाच्या मानेखाली डावा हात घालून बसला होता, आणि उजव्या हातानं तिच्या कानावरचं टोपरं नीट करत होता. प्रल्हादराव कधी तान्ह्या मुलाला असे घ्यायचे? हर्षल तान्हा असताना हात लावायलाही घाबरायचे ते. दोन्ही हात ताठ करून धरायचे.

आणि तो स्वेटर.

"अगं बाई," मी म्हटलं. "ही मीच."

"काय?" हर्षल पुढे आला.

"हे बाबा नाहीत, ही मी आहे. त्या दिवशी मी त्यांचा स्वेटर घातला होता. त्यांची टोपी."

"थंडी होती म्हणून?"

"थंडी कसली! सगळे गोल करून बसले आणि जाळाशेजारची जागा तेवढी सोडली. भाऊजी बसेनात, कोणीच बसेना. मला ती रिकामी जागा बघवेना रे. मग जाऊन मीच बसले. स्वेटर सकाळीच घालून निघाले होते. धुतला नव्हता मी तो तोपर्यंत, वास होता त्यांचा. टोपी डोळ्यांवर ओढली, कोणाला रडलेलं दिसू नये म्हणून."

हर्षल पडद्याकडे बघत राहिला. "मी तिथेच होतो."

"तूच रेवाला आणून दिलंस माझ्याकडे. तुझ्या दुसऱ्या हातात पुऱ्यांची टोपली होती."

"मला नाही आठवत, आई." तो खुर्चीत बसला. "मला तिथे आता बाबाच आठवतात. मी आठवायला बघतोय, पण तेच येतात."

जिभेवर आलं होतं, तपासणी कोणाची करायला हवी होती म्हणून. गिळलं. त्याचा चेहराच तसा झाला होता. सगळ्यांसमोर नापास झालेल्या माणसाचा चेहरा मला आता ओळखीचा होता.

रेवा टीव्हीच्या अगदी जवळ गेली. "आजी, मग तुला मिशी कशी?"

"ती पेटीनं लावली."

ती खुदकन हसली. मग हर्षलही हसला, आणि हसता हसता रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"बाबा गेल्यावर तू एकदाही रडली नाहीस माझ्यासमोर," तो म्हणाला. "मला वाटायचं, आई खंबीर आहे. तुला काही विचारावं असं वाटलंच नाही."

"नाही विचारलंस."

त्यानं नाक पुसलं, माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि अंगठा टेकवला. मी म्हटलं नव्हतं, आता टेकव. त्याचा त्यानं टेकवला.

पेटीचा दिवा दोनदा लुकलुकला. पडद्यावर आधी मिशी गेली. मग ते हसू, तो बारीक झालेला डोळा, गालावरची रेघ. निंबाच्या अर्ध्या फांद्या गेल्या, भाऊजी अर्धे गेले. चेहऱ्याच्या जागी नुसता करडा धूर राहिला. धुराखाली तपकिरी स्वेटर, आणि बाळाच्या मानेखाली घातलेला डावा हात, त्यात दोन बांगड्या.

हर्षल टीव्हीपुढे जाऊन उकिडवा बसला. त्या बांगड्यांना बोट लावलं.

"आता दिसतेस," तो म्हणाला.